चोपड्याच्या शेतात सॉना आणि गार पाण्याचा हौद: जमेल, पण मे महिन्यात नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मूळचे चोपडा तालुक्यातले, नोकरीला पुण्यात. कंपनीच्या कामाने फिनलंडला गेलात, तिथे लाकडाच्या सॉनात, म्हणजे दगड तापवून गरम केलेल्या खोलीत बसून तळ्याच्या बर्फगार पाण्यात उतरलात आणि आठवडाभर झोप छान लागली. आता अडावदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या घरच्या केळीच्या शेतात असाच चार दिवसांचा मुक्काम सुरू करायचा आहे: सॉना, शेततळ्यात डुबकी, जंगलात फिरणं, भरीत-भाकरी. विचारलंय की आपल्या हवेत हे चालेल का, आणि पासष्टीचे, बीपीची गोळी घेणारे वडील त्यात बसू शकतील का.

भाऊ, मी पंचकर्म करणारा वैद्य आहे. माणसाला घाम आणणं हा माझा रोजचा धंदा, आणि हिवाळ्यात सातपुड्यात लहान गट घेऊनही जातो. तेव्हा सरळ सांगतो: चालेल, पण साधारण नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच. शेततळ्याचा विचार मात्र आजच सोडा. तो का, ते पुढे येईल.

आधी हवेचं. फिनलंडच्या सॉनात वरच्या बाकावर ८० ते १०० अंश सेल्सिअस तापमान असतं आणि तरी माणूस भाजत नाही, कारण ती हवा कोरडी असते. घाम येतो, लगेच उडून जातो आणि कातडी गार ठेवतो. मधूनमधून तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं की वाफेची झुळूक अंगावर येते, क्षणभर चटका बसतो, मग पुन्हा हवा कोरडी. नाडी मिनिटाला १०० च्या पुढे, कधी १५० पर्यंत जाते. एका बैठकीत साधारण अर्धा लिटर घाम जातो. हे सगळं शरीर सोसतं ते एका भरवशावर, की दार उघडून बाहेर पडलं की तिथे गारवा आहे. खरं काम तो गारवा करतो.

आता आपला मे महिना डोळ्यांपुढे आणा. जळगाव, भुसावळ ४५ च्या आसपास, रात्रीही भिंती तापलेल्या. सॉनातून बाहेर पडलेल्या माणसाला उष्णता टाकायला जागाच नसते. शरीराचं आतलं तापमान चढत जातं, घाम संपतो आणि माणूस उष्माघाताच्या वाटेला लागतो. कोणी उन्हाळी सुट्टीतलं वेलनेस पॅकेज काढा म्हणून मागे लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. श्रावण-भाद्रपदात वेगळी अडचण, हवा इतकी दमट की घाम उडत नाही.

हिवाळा मात्र आपला जोरदार आहे, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना खरं वाटत नाही. धुळ्याचा पारा थंडीच्या लाटेत ५-६ अंशांवर येतो. सातपुड्यात वर डाब, तोरणमाळकडे दव गोठल्याच्या बातम्या येतात. पायथ्याला पहाटे ८ ते १० अंश म्हणजे सॉनातून बाहेर येऊन उभं राहायला उत्तम हवा. शेकायचा मोसम तोच, भरताचाही तोच. निसर्गाने वेळापत्रक करूनच दिलंय.

पाण्याची गंमत वेगळी. तुम्हाला वाटतं विहिरीचं पाणी गार असणार. आमच्याकडचे म्हातारे म्हणतात, "हिवायामा पानी कोमट ऱ्हास, उन्हायामा गार." ते बरोबर आहे. जमिनीखालचं पाणी वर्षभर एकाच तापमानाला असतं, त्या भागातल्या वर्षभराच्या हवेच्या सरासरीजवळ. खानदेशात ती सरासरी सव्वीस-सत्तावीसच्या घरात. म्हणून जानेवारीच्या पहाटे मोटार सुरू केली की केळीच्या बागेत पाइपातून वाफाळतं पाणी पडतं आणि पोरं धारेखालून हलत नाहीत. सॉनानंतर घ्यायची डुबकी ही नव्हे.

म्हणजे पाणी गार करावं लागतं. बर्फाच्या लाद्या आणू नका. विहिरीजवळ छातीपर्यंत नव्हे, मांडीपर्यंत पाणी राहील असा सिमेंटचा हौद बांधा, बसलं की खांदे बुडतील एवढा. पाहुणे येण्याच्या चार-पाच दिवस आधी भरा. दिवसा वर ताडपत्री किंवा केळीची पानं, रात्री उघडा. एका रात्रीत पाणी दोन-तीन अंशच उतरतं, कारण एवढं पाणी उष्णता धरून बसतं. पण चार-पाच रात्रींत १७-१८ पर्यंत येतं. शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते, तेव्हा भरण्याचा दिवस ते पत्रक बघूनच ठरवा. शेजारी दोन मातीचे रांजण ठेवा. मातीतून पाणी पाझरून उडतं, त्यामुळे रांजणातलं पाणी हौदापेक्षा गार मिळतं. ज्याला हौदात उतरायचं नाही त्याच्या अंगावर त्यातले लोटे ओतायचे. साधा थर्मामीटर दोरीला बांधून हौदात सोडून ठेवा आणि रोज सकाळी आकडा पाटीवर खडूने लिहा. पाहुण्यांना फुशारकी मारायला बरं पडतं आणि तुम्हाला कळतं की आज किती वेळ बसू द्यायचं.

१७-१८ अंशांत फिनलंडसारखा झटका बसेल का? नाही. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांना तासभर मानेपर्यंत पाण्यात बसवलं होतं. २० अंशांच्या पाण्यात शरीराची ऊर्जा जाळण्याची गती ९३ टक्क्यांनी वाढली, १४ अंशांत ३५० टक्क्यांनी, आणि १४ अंशांत रक्तातलं नॉरअॅड्रेनॅलिन, म्हणजे शरीराला सावध करणारं संप्रेरक, ५३० टक्क्यांनी वर गेलं. ज्या तरतरीचं लोक वर्णन करतात ती बहुतेक त्या नॉरअॅड्रेनॅलिनची. आपल्या हौदात ती थोडी कमी मिळेल आणि धोकाही कमी. माझ्या मते हा सौदा चांगला आहे. चार दिवसांच्या पाहुण्याला शून्य अंशाच्या पाण्याची गरज नसते, त्याला फक्त फोटोची असते.

धोका नेमका कुठे असतो तेही समजून घ्या, कारण हौदाशेजारी उभं तुम्हालाच राहायचंय. गार पाण्यात शिरल्याबरोबर माणसाचा श्वास एकदम आत ओढला जातो, इच्छा असो वा नसो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. पहिलं एक मिनिट श्वास धापेवर असतो, बीपी आणि नाडी उसळी मारतात. बुडण्याचे बरेच प्रकार या पहिल्या मिनिटातच होतात, गारठून नंतर नव्हे. आणि तोंडावर गार पाणी आलं की नाडी मंद होते, अंगावर आलं की जलद होते. दोन्ही एकदम झालं तर हृदयाचा ठोका चुकू शकतो. म्हणून उडी नाही, सूर नाही, डोकं बुडवणं नाही. पायऱ्यांनी उतरायचं, उतरताना तोंडाने लांब श्वास सोडत राहायचं, मोठ्याने आकडे मोजायचे. ज्याला दहापर्यंत मोजता येतंय त्याचा श्वास ताब्यात आहे. अर्धं मिनिट पुरे, फार तर दीड. बाहेर आल्यावरही काही वेळ आतलं तापमान घसरत राहू शकतं, तेव्हा लगेच घोंगडी, कोरडी टोपी, आणि बसून राहायचं.

शेततळं का नको? तुमच्याकडच्या तळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असणार. ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं, काठ उताराचे, हाताला पकड नाही. पट्टीचा पोहणाराही त्यातून बाहेर निघू शकत नाही. आपल्या राज्यात दरवर्षी शेततळ्यात माणसं, पोरं, गुरं जातात ती अशी. त्यात सॉनातून आलेला, अंग सैल पडलेला माणूस. आहे त्या तळ्यावरसुद्धा दोन बाजूंना गाठी मारलेले जाड दोर आणि हवेच्या ट्यूब कायम टाकून ठेवा, आणि पाहुण्यांच्या मुक्कामात फाटकाला कुलूप. विहिरीचंही तेच.

आता सॉनाची खोली. तुम्ही फिनलंडहून आराखडा आणलाय, छान. पण तुम्हाला चरकसंहितेतला जेन्ताक स्वेद सांगतो, म्हणजे कळेल की ही गोष्ट आपल्याला परकी नाही. चरकांनी अग्नीने घाम आणण्याचे तेरा प्रकार दिलेत, त्यातला हा एक. तळ्याच्या काठावर चांगली जागा बघून मातीची गोल खोली बांधायची, तिला बऱ्याच खिडक्या, आतून भिंतीला लागून हातभर उंच ओटा, मधोमध झाकणाची भट्टी, त्यात खैराची लाकडं. धूर निघून गेला, लाकडं नीट पेटून निखारे झाले की तेल लावलेल्या माणसाने आत जायचं आणि ओट्यावर कूस बदलत पडून राहायचं. पाण्याचा काठ, कोरडी आच, बसायचा ओटा, सगळं आहे.

फक्त एका ठिकाणी चरक आणि फिन्निश लोक वेगळे होतात. चरक सांगतात की बाहेर आल्यावर डोळे जपण्यासाठी एकदम गार पाण्याला स्पर्श करू नका, मुहूर्तभर थांबा, शीण उतरू द्या आणि मग कोमट पाण्याने अंघोळ करा. फिन्निश माणूस दार उघडून थेट बर्फाच्या भोकात. कोण बरोबर? चरक रोग्याबद्दल बोलतायत, फिन्निश माणूस लहानपणापासून सवय झालेला. तुमचा पाहुणा या दोघांच्या मधला. म्हणून मी मधलं धरतो: बाहेर येऊन पाचेक मिनिटं उघड्या हवेत बाजेवर बसायचं, धाप थांबू द्यायची, पायांवर, मग हातांवर लोटा घ्यायचा आणि वाटलं तरच हौदात. पन्नाशी ओलांडलेल्यांना मी हौद सांगतच नाही, रांजण आणि लोटा. साहजिकच काही लोक नाराज होतात.

बांधकामात तीन गोष्टी सोडू नका. दार बाहेर उघडणारं हवं आणि त्याला आतून कडी नको. आत चक्कर आलेल्या माणसाचं वजन दारावर पडलं तरी ते उघडलं पाहिजे. धुराडं नीट ओढणारं आणि खाली हवा यायला झरोका हवा, कारण बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, वास देत नाही आणि झोपवून मारतो. तिसरी गोष्ट दगड. तापीतले गुळगुळीत गोटे उचलून आणायचा मोह होईल. ते नकोत. आत मुरलेलं पाणी तापून वाफ झालं की गोटा फटकन फुटतो आणि कपच्या उडतात. आपला काळा पाषाण चालतो, पण खाणीतला, कोरडा, घट्ट, भोकं नसलेला, हातोडीने ठोकला तर खणखणीत वाजणारा. पहिल्या दोन-तीन वेळा माणसं आत न बसवता तापवून घ्या. बसायची फळी हलक्या लाकडाची. सागाची तापली की चटका देते, खिळ्याचं डोकं तर वर दिसताच कामा नये. आणि फळीवर प्रत्येकाचा स्वतःचा सुती पंचा.

जळणाला पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, भरपूर मिळेल. भडका छान देते, पण दहा मिनिटांत राख. भरताची वांगी भाजायला ती योग्य, दगड तापवायला बाभळीचं ढलपं लागतं. जंगलातून एक काडी आणायची नाही. यावल अभयारण्य जवळ आहे आणि तो गुन्हा आहे. बांधावरची बाभूळ नाहीतर वखारीतून पावती घेऊन.

तापमान ७५ च्या आसपास ठेवा, नवख्याला खालचा बाक, आठ ते दहा मिनिटं. अशा दोन फेऱ्या झाल्या की बस. फेऱ्यांच्या मध्ये मीठ-जिरे घातलेलं ताक नाहीतर लिंबूपाणी. जेवून दोन तास झाल्याशिवाय आत जायचं नाही. शेवभाजी, कळण्याची भाकरी, बामणोदच्या वांग्याचं भरीत हे सगळं नंतर, आणि तेव्हा त्याची चव काही औरच लागते. दारू मात्र आधीही नाही, मध्येही नाही. मोहाची असो की विलायती. दारूने तहान कळत नाही, चक्कर कळत नाही आणि बीपी आणखी खाली येतं. आणि कोण जास्त वेळ बसतो अशी पैज लावू देऊ नका. २०१० मध्ये फिनलंडमध्येच सॉनाच्या जागतिक स्पर्धेत ११० अंशांच्या खोलीत एक स्पर्धक मेला, आणि त्यानंतर ती स्पर्धाच बंद झाली. हा तिथला खेळ नाही. सॉना संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली ती निवांत बसण्याबद्दल.

कोणाला घेऊच नये? चरकांच्या यादीत गर्भवती, अतिसार झालेले, रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेले, नेहमी दारू पिणारे, मधुमेही हे सगळे आहेत. त्यांनी वृषण, हृदय आणि डोळे यांना सौम्य शेक द्या किंवा देऊच नका असंही सांगितलंय. मधुमेहाचं कारण आज नीट सांगता येतं: पायाची संवेदना गेलेल्याला चटका कळत नाही, आणि इन्सुलिन टोचलेली जागा तापली की ते रक्तात लवकर उतरून साखर घसरते. मूल हवं असलेल्या पुरुषांनी काही महिने लांब राहावं. वृषणांच्या उष्णतेने शुक्राणूंची संख्या घटते, पुढे भरून येते.

आपल्या भागापुरती एक गोष्ट मी नेहमी जोर देऊन सांगतो, कारण शहरी वेलनेसवाल्यांच्या फॉर्मवर ती नसते. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात, पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांत हा आजार बऱ्यापैकी आहे. अंगातलं पाणी कमी होणं आणि एकदम गारठणं, या दोन्हींमुळे अशा रुग्णाला वेदनेचा झटका येतो, आणि तुम्ही एका तासात नेमक्या याच दोन गोष्टी घडवून आणणार आहात. पाहुण्यांना तर विचाराच, पण भट्टी सांभाळायला, हौद घासायला जी वस्तीवरची पोरं ठेवाल त्यांनाही विचारा. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, कार्ड मिळतं. आजार असलेल्याला भट्टीचं काम देऊ नका, दुसरं द्या.

फायद्याबद्दल फार मोठं बोलू नका. फिनलंडच्या कुओपिओ भागातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा वीसेक वर्षं मागोवा घेतला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत अचानक हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण आठवड्यातून एकदा घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के कमी दिसलं. आकडा भारी आहे, पण ती माणसं आयुष्यभर सॉना घेणारी होती, आणि जो आधीच धडधाकट तोच जास्त वेळा सॉनात बसतो हेही त्यात असू शकतं. चार दिवसांत कोणाचं हृदय सुधारत नाही. झोप लागते, अंग मोकळं होतं, मोबाईल हातातून सुटतो. जाहिरातीत एवढंच लिहा. "शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर" वगैरे लिहिलंत तर माझं नाव कुठे सांगू नका. ते काम मूत्रपिंड आणि यकृत करतात, घामाने पाणी आणि मीठ जातं.

शेजारी उनपदेव आहेच, तुम्ही लहानपणी गेला असाल. गोमुखातून गरम पाणी पडतं, शरभंग ऋषींची कथा, पौषात यात्रा. पाहुण्यांना जरूर न्या, शक्यतो यात्रेचा दिवस टाळून भल्या सकाळी. धारेखाली अंघोळ करा, साचलेल्या कुंडात डोकं बुडवू नका. कोमट गोड्या पाण्यात नाकावाटे मेंदूत शिरणारा अमीबा असू शकतो. क्वचित होतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. अंगावर उघडी जखम असलेल्यानेही कुंड टाळावं. मनुदेवीचा धबधबा पावसाळ्यातला, डिसेंबरात तिथे फक्त डोंगराची सावली आणि शांतता मिळेल, तीही चांगली. तोरणमाळ लांब पडतं, त्यासाठी एक पूर्ण दिवस आणि एक मुक्काम धरा, घाटात घाई नको. पहाटे केळीच्या बागेकडे पाहुण्याला एकटं सोडू नका, बिबट्या आता तिथे नवा राहिलेला नाही.

कागदपत्रांचं एका वाक्यात: राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्या आणि सगळं बांधकाम स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत ठेवा.

राहिले वडील. कोणती गोळी घेतात ते तुम्ही लिहिलं नाहीत आणि सगळं त्यावरच आहे. पाण्याची गोळी म्हणजे लघवी जास्त करवणारी असेल तर घाम आणि ती मिळून अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही ओढतील, उठताना चक्कर येईल. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारी गोळी असेल तर उष्णतेला नाडी हवी तेवढी वाढत नाही. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली गोळी ठेवत असतील, गेल्या काही महिन्यांत अॅटॅक आला असेल किंवा हृदयाची झडप अरुंद असेल तर सॉनाचं नावच नको. यातलं काही नसेल, बीपी ताब्यात असेल आणि त्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं, तर ६० अंशांवर, खालच्या बाकावर, पाच-सात मिनिटं, तुम्ही शेजारी. उठायच्या आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसवा. नंतर गार हौद अजिबात नाही. कोमट पाण्याची बादली, अंगावर धुस्सा आणि ताक. आधी आणि नंतर बीपी मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि गोळीच्या नावासकट मला कळवा, मग दुसऱ्या दिवशीचं ठरवू.